डिजिटल कॅमकॉर्डरवरील स्थिरचित्र : त्याचे स्वरूप आणि पुराव्याचे मूल्य

लोककला, मूर्तिशास्त्र, हस्तलिखिते आणि बोली या विषयांवरील अलीकडच्या प्रबंधांत जी चित्रे छापलेली आढळतात, त्यांपैकी पुष्कळशी छायाचित्रे नसतात. क्षेत्रकार्यात डिजिटल कॅमकॉर्डरने केलेल्या चित्रणातून उचललेल्या त्या एकेक चौकटी असतात. सुमारे १९९८ ते २००८ या काळात संशोधकांच्या हाती जो कॅमकॉर्डर होता, तो बहुधा छोट्या डीव्ही फितीवर चित्रण करणारा होता, आणि त्या फिती आज विभागांच्या कपाटांतून पडून आहेत. त्यांतील कित्येक कलावंत आता हयात नाहीत, काही खेळ बंद पडले, काही देवळांचे जीर्णोद्धार होऊन जुन्या मूर्तींवर रंग चढला. मूळ वस्तू उरली नाही आणि फीत तेवढी उरली, असे झाले म्हणजे त्या फितीतून काढलेल्या चित्रावर बरेच ओझे येते. ते ओझे हे चित्र कितपत पेलू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चित्रपटाच्या इतिहासलेखनात दोन प्रकारची स्थिरचित्रे वापरली जातात. चित्रीकरणाच्या वेळी वेगळ्या छायाचित्रकाराने वेगळ्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र हा एक प्रकार, आणि प्रत्यक्ष फिल्मवरील एखादी चौकट मोठी करून छापणे हा दुसरा. पहिले अधिक सुबक असते, परंतु ते चित्रपटात असतेच असे नाही; दुसरे धूसर असले तरी प्रेक्षकाने पडद्यावर जे पाहिले त्याचाच तो अंश असतो. ही दोन कामे आरंभापासून दोन यंत्रांची होती. छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चलच्चित्र टिपले, ते त्यासाठी मुद्दाम मागविलेल्या निराळ्या यंत्राने. कॅमकॉर्डरने मात्र ही दोन्ही कामे आपल्याकडे घेतली. यंत्राच्या अंगावर ‘फोटो’ असे लिहिलेले एक बटन असते, आणि सारा गोंधळ त्या बटनापासून सुरू होतो.

या बटनाचा अर्थ सर्व यंत्रांत एकच नाही. १९९५ मध्ये डीव्ही पद्धती बाजारात आली. तिच्या पहिल्या काही वर्षांतील यंत्रांत हे बटन दाबले असता एक चौकट गोठत असे आणि तीच फितीवर सहा-सात सेकंदांपर्यंत लागोपाठ लिहिली जाई. ध्वनी मात्र चालूच राहत असे. म्हणजे हे चित्र आणि चलच्चित्रातील कोणतीही चौकट यांत सूक्ष्मतेच्या दृष्टीने काहीही फरक नव्हता. पुढे यंत्रात स्मृतिपत्र बसू लागले आणि ‘फोटो’ त्यावर साठू लागला. परंतु आरंभीच्या अशा यंत्रांत त्या चित्राचे माप ६४० गुणिले ४८०, म्हणजे सुमारे तीन लाख बिंदू एवढेच असे. त्यानंतरच्या यंत्रांवर दहा लाखांच्या वरचे आकडे झळकू लागले. त्यांतील काही खरे होते. काहींत मात्र संवेदकावर नसलेले बिंदू शेजारच्या बिंदूंवरून अदमासाने भरलेले असत. शिवाय फीत चालू असताना घेतलेले चित्र अनेक यंत्रांत लहान मापाचेच मिळे. तेव्हा ‘कॅमकॉर्डरने घेतलेले छायाचित्र’ एवढ्या वर्णनावरून संशोधनाच्या दृष्टीने काहीच कळत नाही. कोणत्या मार्गाने घेतले, हे सांगितले पाहिजे.

आपल्याकडील फितींवर जे आहे ते बहुतांशी चलच्चित्रच असल्यामुळे यापुढील विवेचन त्यातील चौकटीला धरून करतो.

भारतात रूढ असलेल्या ‘पाल’ पद्धतीच्या डीव्ही चित्रणात एका सेकंदाला २५ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकट आडवी ७२० व उभी ५७६ बिंदूंची असते. गुणाकार केला तर ४,१४,७२० बिंदू होतात. छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू हे प्रमाण धरल्यास असे चित्र जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच छापता येते. त्याहून मोठे छापले तर ते मोठे दिसेल, पण त्यात अधिक काही दिसणार नाही. प्रबंधाचे पूर्ण पान व्यापणारी अशी चित्रे आपण नित्य पाहतो. ती पान शोभिवंत करतात, इतकेच.

हे माप केवळ उजेड-अंधाराचे झाले. रंगाचे माप याहून पुष्कळ उणे आहे. ‘पाल’ डीव्हीमध्ये रंगाची नोंद आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्मीच होते, म्हणजे चार बिंदूंना मिळून एक रंग. मानवी डोळा रंगाच्या बाबतीत ढिला असतो, या जाणिवेवर ही काटकसर आधारलेली आहे, आणि हलत्या चित्रात ती सहसा खुपत नाही. परंतु लुगड्याच्या लाल काठावरील हिरवी नक्षी, किंवा दशावतारी नटाच्या मुखलेपनातील बारीक रंगरेषा, यांविषयी एका चौकटीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. त्या रेषेचा आकार एका नोंदीतून आलेला असतो आणि रंग दुसऱ्या, अधिक ढोबळ नोंदीतून. रंग रेषेबाहेर सांडल्यासारखा दिसतो तो रंगाऱ्याचा दोष नव्हे.

तिसरी गोष्ट संकोचनाची. दृश्याची जी माहिती संवेदकाकडून येते ती जशीच्या तशी फितीवर मावत नाही, म्हणून ती सुमारे एक-पंचमांश करून लिहिली जाते. यासाठी चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौरस पाडतात आणि प्रत्येक चौरसातील सूक्ष्म चढउतार काही अंशी गाळतात. सपाट भिंत किंवा आकाश यांचे त्यात फारसे बिघडत नाही. जेथे गडद कड उजळ पृष्ठभागावर एकदम उभी असते, तेथे मात्र त्या कडेभोवती बारीक ठिपक्यांची वर्दळ उठते. हस्तलिखिताच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. पोथीचे तीस सेंटिमीटर रुंदीचे पान एका चौकटीत बसविले, तर एका मिलिमीटरच्या वाट्याला अडीचदेखील बिंदू येत नाहीत. अनुस्वाराचा ठिपका अर्धा ते एक मिलिमीटर असतो. तो एका-दोन बिंदूंत आटोपतो. नेमक्या तेवढ्याच आकाराचे खोटे ठिपके संकोचनामुळे अक्षराच्या शेजारी उत्पन्न होऊ शकतात आणि खरा ठिपका त्यात विरूनही जाऊ शकतो. मराठी पोथीत एका अनुस्वाराने विभक्ती बदलते, वचन बदलते. अशा चित्रावरून पाठभेद नोंदविणे म्हणजे लेखनिकाच्या नावावर यंत्राचे लेखन जमा करणे होय.

या अडचणीवर उपाय आहे, आणि तो सोपाही आहे. केवळ चित्रणाच्या वेळीच तो सुचला पाहिजे. स्थिर वस्तू एका चौकटीत संपूर्ण घेण्याचा हट्ट सोडून ती तुकड्यांनी घ्यावी. सहा सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटभर घेतला तर मिलिमीटरला बारा बिंदू मिळतात, आणि इंचाला सुमारे ३०० हे छपाईचे प्रमाण आपोआप साधते. तीस सेंटिमीटरचे पान असे पाच तुकड्यांत, आणि जोडण्यासाठी कडा एकमेकींवर थोड्या चढवावयाच्या म्हणून सहा तुकड्यांत बसते. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का असावा. स्वयंचलित केंद्रीकरण आणि उजेडाचे स्वयंचलित नियमन बंद करून दोन्ही एकदा ठरवून घ्यावीत, नाही तर प्रत्येक तुकड्याचा उजळपणा निराळा येतो. तिकाटणे असताना हादरे शोषणारी यंत्रणा बंद ठेवणे बरे. भिंगाने होणारे विवर्धन वापरावे. शंभराहून अधिक पटींच्या विवर्धनाची जी जाहिरात यंत्रावर छापलेली असे, ते विवर्धन भिंगाचे नव्हते. चौकटीचा मधला भाग कापून ताणण्याचा तो प्रकार होता, आणि ते काम घरी संगणकावरही करता येते.

प्रत्येक तुकड्यावर दोन सेकंद निश्चल थांबावे. दोन सेकंदांत पन्नास चौकटी मिळतात, आणि येथे कॅमकॉर्डर साध्या छायाचित्रयंत्राला काही बाबतींत मागे टाकतो. कमी उजेडात चित्रावर जो दाणेदारपणा येतो तो प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असतो. वस्तू मात्र त्याच जागी असते. अनेक चौकटींची बिंदूगणिक सरासरी काढली तर वस्तू टिकते आणि दाणे परस्परांना खोडतात. हा परिणाम चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतो : सोळा चौकटींची सरासरी घेतल्यास दाणेदारपणा चतुर्थांशावर येतो. गाभाऱ्यातील मूर्ती, लेण्यातील अंधाऱ्या भिंतीवरील शिलालेख, यांच्या बाबतीत ही युक्ती फार उपयोगी पडते. भिंगावरील डाग किंवा सदोष बिंदू यांसारखे जे दोष प्रत्येक चौकटीत त्याच जागी असतात, ते मात्र सरासरीने जात नाहीत.

आता हलत्या वस्तूकडे वळू. येथील प्रश्न अधिक खोल आहे.

डीव्हीची एक चौकट हा एक क्षण नव्हे. ती दोन अर्धचौकटींची वीण असते. एका अर्धचौकटीत विषम क्रमांकाच्या ओळी असतात आणि दुसरीत सम क्रमांकाच्या, व या दोहोंमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. जुन्या दूरचित्रवाणी संचाला हे चित्र अर्धचौकटी-अर्धचौकटीनेच दाखवावयाचे असल्यामुळे तेथे काही बिघडत नसे. चौकट गोठविली की दोन क्षण एकमेकांत घुसलेले दिसतात. हालचालीच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखी जी नक्षी दिसते तिचे कारण हेच. तिचे प्रमाण काढून पाहू. लावणी नर्तकीचा हात सेकंदाला दोन मीटर या वेगाने फिरत आहे आणि चौकटीत रंगमंचाचा दोन मीटर रुंदीचा भाग आला आहे, असे समजा. पन्नासाव्या भागात हात चार सेंटिमीटर सरकतो. चौकटीचा एक बिंदू म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर, तेव्हा दोन अर्धचौकटींतील हात एकमेकांपासून चौदा बिंदू दूर पडतात. बोटांची मुद्रा वाचावयाची असेल तर अशी चौकट निरुपयोगी आहे.

यावर दोन अर्धचौकटी वेगळ्या कराव्या लागतात. वेगळी केलेली अर्धचौकट हा खरा एक क्षण असतो, परंतु तिच्यात ओळी २८८ च असतात. उरलेल्या ओळी संगणक वरच्या-खालच्या ओळींवरून भरून देतो. अशा रीतीने सजविलेले चित्र नितळ दिसते, पण त्यातील निम्म्या ओळी कॅमेऱ्याने कधी पाहिलेल्या नसतात, याची नोंद चित्राखाली असलीच पाहिजे.

अर्धचौकट वेगळी करूनही हात पुसट दिसला, तर दोष शटरचा समजावा. शटर पन्नासाव्या भागासाठी उघडे राहिले असेल तर तेवढ्या अवधीत हात चार सेंटिमीटर सरकतोच, आणि ती पुसट रेघ एकाच अर्धचौकटीत उमटते. शटर पाचशेव्या भागावर ठेवले तर सरकणे चार मिलिमीटरांवर, म्हणजे दीड बिंदूच्या आत येते. मात्र प्रकाश दसपट लागतो, आणि रात्री मंडपातील दिव्यांखाली तो नसतो. मग यंत्र संकेताची वाढ करते आणि चित्र दाण्यांनी भरते. येथे संवेदकाचा आकार आडवा येतो. सामान्य कॅमकॉर्डरचा पाव इंची म्हटला जाणारा संवेदक प्रत्यक्षात ३.६ गुणिले २.७ मिलिमीटर असतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचे क्षेत्रफळ त्याच्या जवळजवळ नव्वदपट भरते. रात्रीच्या तमाशाचे कॅमकॉर्डरवरून काढलेले चित्र छायाचित्राच्या तोडीचे का होत नाही, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. ट्यूबलाइटखाली आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडील वीज पन्नास आवर्तनांची असल्याने काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर असेल तर हे जाणवत नाही. अमेरिकेतून आणलेला, साठाव्या भागावर चालणारा कॅमेरा असेल तर चौकटी कमीअधिक उजळ येतात.

परंतु तांत्रिक दृष्ट्या निर्दोष चौकट मिळाली, तरी ती काय सिद्ध करते? तासाभराच्या फितीत नव्वद हजार चौकटी असतात. त्यांतून अभ्यासक एक निवडतो. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज याने बारा कॅमेऱ्यांची रांग लावून धावत्या घोड्याची चित्रे घेतली, तेव्हा चारही खूर एकाच वेळी जमिनीपासून सुटतात हे प्रथमच निर्विवाद दिसले. डोळ्याला न दिसणारी गोष्ट स्थिरचित्राने दाखविली, हा त्याचा विजय होता. नृत्य-नाट्याच्या अभ्यासात मात्र हाच गुण उलटतो. एका मुद्रेकडून दुसरीकडे जाताना हात ज्या मधल्या अवस्थांतून जातो, त्या कोणत्याही प्रेक्षकाने मुद्रा म्हणून पाहिलेल्या नसतात आणि नर्तकीनेही केलेल्या नसतात. चौकट गोठविली की त्यांतील एखादी अवस्था एखाद्या शिल्पातील मुद्रेशी हुबेहूब जुळते, आणि मग परंपरेचे सातत्य सिद्ध झाल्याचा आनंद होतो. असा आनंद मी काही प्रबंधांत वाचला आहे. त्यावर साधी कसोटी आहे : ती अवस्था किती चौकटी टिकली ते मोजावे. अठरा चौकटी टिकली तर ती ०.७२ सेकंद धरून ठेवलेली आहे; तिला मुद्रा म्हणण्यास जागा आहे. दोनच चौकटी टिकली असेल तर ती वाटेवरची अवस्था होय. ही संख्या चित्राखाली छापण्यास काही खर्च येत नाही.

मूर्तिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा इशारा द्यावासा वाटतो. डीव्हीचे बिंदू चौरस नसतात. ७२० गुणिले ५७६ ही चौकट दाखविताना ती आडवी सुमारे ७६८ पर्यंत ताणावयाची असते. पुष्कळशा संगणक-प्रणाली चौकट वेगळी काढताना हे ताणणे विसरतात. मग चित्र रुंदीला सुमारे सहा टक्क्यांनी आवळलेले मिळते. यंत्र रुंद पडद्याच्या पद्धतीवर ठेवलेले असेल तर तेच ७२० बिंदू १०२४ पर्यंत ताणावे लागतात, आणि तेथील चूक नुसत्या डोळ्यांनाही कळते. सहा टक्क्यांची चूक मात्र कळत नाही. मूर्ती किंचित सडपातळ दिसते, एवढेच. अशा चित्रावर पट्टी ठेवून तालमानाची प्रमाणे काढली, तर खांद्यांची रुंदी आणि एकूण उंची यांचे गुणोत्तर चुकणार हे ठरलेले. चौकटीत कोठे समोरून दिसणारा डफ, घंटेचे तोंड किंवा तत्सम वर्तुळ असेल तर ते मोजून पाहावे. आडवा आणि उभा व्यास सारखा भरला पाहिजे.

आता फितीविषयी. फितीवरील एक ‘पाल’ चौकट बारा तिरप्या मार्गिकांत लिहिलेली असते, आणि प्रत्येक मार्गिका दहा सहस्रांश मिलिमीटर रुंद असते. धूळ, बुरशी किंवा झिजलेले शीर्ष यांमुळे त्यांतील एखादी वाचता आली नाही, तर चित्रात चौकोनी ठिगळे पडतात. ठिगळ दिसले तर निदान दोष कळतो. परंतु यंत्राची रीत अशी की, न वाचलेल्या जागी ते मागील चौकटीतील तोच भाग गुपचूप बसविते. दृश्य स्थिर असेल तर हे लक्षातही येत नाही. अशा वेळी आपण ज्याला एक क्षण म्हणतो त्यातील एक कोपरा आधीच्या क्षणाचा असतो. सुदैवाने ही उसनवारी डीव्हीच्या संकेतात खुणेने नोंदलेली असते, आणि अमेरिकेतील मूव्हिंग इमेज प्रिझर्व्हेशन ऑफ प्युजेट साउंड ही संस्था व मीडियाएरिया यांनी तयार केलेली ‘डीव्हीरेस्क्यू’ ही मुक्त प्रणाली त्या खुणा चौकटीगणिक वाचून दाखविते. तीच फीत दोन-तीनदा उतरवून प्रत्येक खेपेतील चांगला भाग एकत्र करणेही तिच्या साह्याने जमते.

त्यासाठी फीत फायरवायर तारेनेच उतरविली पाहिजे. त्या मार्गाने फितीवरील अंक जसेच्या तसे संगणकात येतात. एका तासाच्या फितीला सुमारे तेरा गिगाबाइट जागा लागते. दूरचित्रवाणीच्या तारेने उतरविलेली किंवा दुकानात डीव्हीडीवर करून आणलेली प्रत पाहण्यास ठीक, पण तिच्यात वर सांगितलेल्या खुणा उरत नाहीत आणि संकोचन दुसऱ्यांदा होते. नव्या संगणकांना फायरवायरचे छिद्र सहसा नसते आणि छोट्या फितींचे कॅमेरे आता कोणी बनवीत नाही. म्हणून विभागात असा एखादा जुना कॅमेरा व संगणक असेल तर तो भंगारात काढण्यापूर्वी कपाटातील फितींची संख्या मोजावी. दीर्घ गतीने, म्हणजे साठ मिनिटांच्या फितीवर नव्वद मिनिटे चित्रण केले असेल तर ती फीत दुसऱ्या यंत्रावर चालेलच असे नाही. ज्या कॅमेऱ्याने चित्रण केले तोच जपून ठेवणे शहाणपणाचे. फितीवर काळसंकेताबरोबर चित्रणाचा दिनांक व वेळही दडलेली असते. ती कॅमेऱ्याच्या घड्याळावर अवलंबून असल्यामुळे टिपणवहीशी ताडून घ्यावी. फितीवर मध्ये कोरी जागा राहिली असेल तर काळसंकेत पुन्हा शून्यापासून सुरू होतो, म्हणून एकाच फितीत एकाच संकेताच्या दोन चौकटी असू शकतात.

प्रबंधात छापलेल्या चित्राखाली फितीचा क्रमांक, तास-मिनिट-सेकंद-चौकट असा काळसंकेत, चौकट पूर्ण की अर्धी, बिंदू ताणले की नाही आणि सरासरी घेतली असल्यास किती चौकटींची, इतके असावे. दोन ओळींत ते मावते. मूळ चौकट संकोचनाविना साठवावी आणि उजळपणाची दुरुस्ती प्रतीवर करावी.

डीव्हीविषयीचे एक चांगले म्हणजे तिची प्रत्येक चौकट स्वतंत्र असते. तिच्यानंतर आलेल्या पद्धतींत तसे नाही. २००३ मध्ये ठरलेली एचडीव्ही त्याच छोट्या फितीवर १४४० गुणिले १०८० बिंदू लिहिते, पण आपल्याकडील पद्धतीत बारा चौकटींच्या गटात एकच चौकट स्वयंपूर्ण असते. उरलेल्या अकरा तिच्यातील व एकमेकींतील फरकांवरून रचल्या जातात. फितीवरील एक डाग त्यामुळे जवळजवळ अर्धा सेकंद सर्व चौकटी बिघडवू शकतो. आज विद्यार्थी क्षेत्रकार्याला भ्रमणध्वनी घेऊन जातात. त्याच्या ३८४० गुणिले २१६० च्या चौकटीत ८० लाखांहून अधिक बिंदू असतात आणि अर्धचौकटींचा प्रश्न उरलेला नाही. परंतु तेथेही चौकटी सहसा गटागटानेच रचलेल्या असतात, आणि संवेदक ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे चौकटीच्या वरच्या कडेचा क्षण व खालच्या कडेचा क्षण एक नसतो. वेगाने फिरणारी तलवार किंवा दांडपट्ट्याचे पाते त्यात वाकलेले दिसते. ते पाते वाकडे होते असे कोणी लिहू नये.